जन्मापासूनची हजेरी

या सदरात आपण बहुधा ललित आणि वैचारिक ग्रंथांविषयी बोलतो. या महिन्यात एका डॉक्टरच्या लेखनाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे लेखन वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांत चाळीस-पन्नास वर्षे विखुरलेले आहे. इंदूरच्या एका डॉक्टर स्नेह्यांनी त्यांतील काही निबंधांच्या प्रती मला दिल्या आणि जेथे अडलो तेथे हात धरून पुढे नेले. मराठीच्या शिक्षकाने रक्ताच्या विकारांवरील निबंध वाचीत बसावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझी नोकरीची बरीच वर्षे झाबुआकडील शाळांत गेली आहेत, आणि ज्या विकाराविषयी हे लेखन आहे तो विकार त्या शाळांच्या हजेरीपटात, नाव न सांगता, वर्षानुवर्षे नोंदला जात आलेला आहे.

डॉक्टरांचे नाव ग्रॅहॅम सार्जंट. हे मूळचे इंग्लंडचे. साठाव्या दशकात ते वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर गेले आणि तेथेच रमले. त्यांच्या पत्नी बेरिल या प्रयोगशाळेच्या कामात निष्णात. पतीच्या अनेक निबंधांवर त्यांचेही नाव आढळते, आणि ते केवळ सौजन्याने घातलेले नाही. विकाराचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी, ज्या एरवी मधे दबलेल्या वाटोळ्या चकतीसारख्या असतात, त्या प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त सदैव उणे, डोळे पिवळसर. शिवाय ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसल्या म्हणजे हाडांत अशी वेदना उठते की जाणता मुलगाही गडाबडा लोळतो.

या विकाराचा शास्त्रीय इतिहास रम्य आहे, पण तो येथे थोडक्यातच सांगतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष मुळात पेशीचा नसून तिच्यातील हिमोग्लोबिन या रक्तरंजक द्रव्याचा आहे. पुढे १९५७ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढाच फरक. लांबलचक समासात एक अक्षर चुकावे आणि साऱ्या शब्दाचा अर्थ फिरावा, तसा हा प्रकार. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. ज्याला हे जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळाले आहे, अशा मनुष्याला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण लाभते. म्हणून जेथे जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला, तेथे तेथे हे जनुकही टिकले. आफ्रिकेत टिकले, तसेच सातपुड्याच्या आणि विंध्याच्या रानांतही टिकले. जमैकात ते आले ते गुलाम म्हणून पकडून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या रक्तातून.

आता सार्जंट यांच्या लेखनाकडे वळू. १९६८ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वेस्ट इंडीजमधील साठ रुग्णांचे वर्णन आहे. साठही जणांना सिकलसेलचा पूर्ण विकार, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप अशा दोघांकडून आलेले. आणि साठही जणांचे वय तिसाच्या वर! आजच्या वाचकाला यात आश्चर्य ते काय असे वाटेल. परंतु त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत हा लहान मुलांचा रोग मानला जाई. अशी मुले वयात येईपर्यंत जगली तर नशीब, असा एकंदर सूर असे. मग हे साठ स्त्री-पुरुष कोठून आले? त्यांतील कित्येकांना तर त्रासही बेताचाच होता.

उत्तर सोपे होते, आणि सोपे होते म्हणूनच कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रुग्णालयातील डॉक्टर फक्त आपल्याकडे येणारा रुग्ण पाहतो. जो अत्यवस्थ आहे तो पुनःपुन्हा येतो. जो बरा आहे तो आपल्या शेतात किंवा दुकानात असतो. रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून रोगाचे चित्र रेखाटावयाचे म्हणजे परीक्षेत नापास झालेल्यांच्या यादीवरून शाळेची योग्यता ठरविण्यासारखे आहे. पण सार्जंट यांना लवकरच हेही उमगले की चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. ज्यांना कधी रुग्णालयाचे दारच दिसले नाही, ज्यांचे निदान होण्यापूर्वीच जे गेले, अशा तान्ह्या बाळांची नोंद कोठे आहे? तीसवर्षांचे साठ मोजता आले. पण त्यांच्या बरोबर जन्मलेले आणि पहिल्याच वर्षी दगावलेले किती, हे त्या साठांकडे पाहून कधीही कळणार नव्हते.

तेव्हा मोजणी जन्मापासून करावयाची असे ठरले. किंग्स्टन शहरातील व्हिक्टोरिया ज्युबिली या सरकारी प्रसूतिगृहात जून १९७३ पासून प्रत्येक नैसर्गिक प्रसूतीनंतर बाळाच्या नाळेतील रक्ताचा नमुना घेण्यास आरंभ झाला. हे काम डिसेंबर १९८१ पर्यंत चालले. नमुने तपासले गेले एक लाख. मी हिशेब करून पाहिला, रोजचे सरासरी बत्तीस होतात. आणि हे सुट्टीच्या दिवसांसह, साडेआठ वर्षे. सरकारी खात्यात ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांनाच या सातत्याची खरी किंमत कळेल. एक लाख बाळांत ३१५ बाळांना सिकलसेलचा पूर्ण विकार आढळला. यांतील पहिल्या १२५ बाळांशी ताडून पाहण्यासाठी प्रत्येकी दोन, अशी २५० निरोगी बाळेही त्याच प्रसूतिगृहातून निवडली गेली. मग ही सगळी मुले मोठी होत असताना त्यांचे वजन, उंची, रक्त, दुखणीखुपणी आणि मृत्यू यांची नोंद होत गेली. शाळेचा हजेरीपट पहिलीपासून सुरू होतो. हा जन्मघटकेपासून सुरू झालेला हजेरीपट होता, आणि त्यातून कोणाचेही नाव कमी करावयाचे नव्हते.

या हजेरीपटाने जे दाखविले ते जितके भयंकर तितकेच आशादायकही होते. सिकलसेलचे बाळ जन्मतः अगदी गुटगुटीत दिसते. त्याच्या रक्तात तेव्हा गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन असते, आणि त्यात तो दोष नसतो. जसजसे ते ओसरते तसतसा सदोष हिमोग्लोबिनचा अंमल सुरू होतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मुलांच्या मृत्यूंचा विचार आहे, आणि त्यात दिसून आले की सर्वांत घातक काळ सहा महिन्यांपासून एका वर्षापर्यंतचा. म्हणजे घरात उष्टावण झालेले असते, बाळ रांगू लागलेले असते, कोणाच्या मनात शंकाही नसते, नेमका तेव्हा घाला पडतो. मुख्य कारणे दोन निघाली: एक म्हणजे न्यूमोकोकस नावाच्या जंतूचा अकस्मात संसर्ग, आणि दुसरे प्लीहेचे.

या दुसऱ्या कारणापाशी थोडे थांबतो, कारण मला स्वतःला या सबंध लेखनात याच भागाने सर्वांत अधिक गुंतवून ठेवले. प्लीहा म्हणजे आपल्या जुन्या बायकांच्या भाषेत पानथरी. ती डाव्या बरगडीखाली असते. निरोगी मुलात ती सहसा हाताला लागत नाही. सिकलसेलच्या बाळात कधी कधी असे होते की वाकड्या पेशी प्लीहेत अडकतात, वाट बंद होते, आणि शरीरातील रक्त भराभर तिच्यात साचत जाते. प्लीहा फुगते, बाळ पांढरेफटक पडते, आणि वेळीच रक्त चढविले नाही तर काही तासांत खेळ आटोपतो. घरच्यांना वाटते, ताप आला आणि गेले. किंवा नजर लागली. काही तासांच्या या मुदतीत डॉक्टर जागेवर असणार कसा? जमैकातील डोंगराळ खेड्यातही तो नसतो आणि आमच्या सोंडव्याच्या फळियांतही नसतो. जागेवर असते ती आई.

सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांनाच शिकवावयाचे ठरविले. बाळाला उताणे निजवून डाव्या बरगडीच्या कडेखाली बोटे कशी ठेवावीत, प्लीहा लागली तर ती किती आहे हे कसे ओळखावे, कालच्यापेक्षा आज मोठी लागली किंवा बाळ निस्तेज दिसले तर कशाचीही वाट न पाहता रुग्णालयात कसे धावावे, एवढाच तो पाठ. त्याला यंत्र नको, औषध नको, अक्षरओळखही नको. १९८५ साली या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. जन्मापासून नोंद ठेवलेल्या ३०८ मुलांपैकी ८९ मुलांना दहा वर्षांत मिळून प्लीहेचे असे १३२ झटके आले होते. शिकवणी सुरू होण्यापूर्वी दर शंभर झटक्यांमागे २९ मुले दगावत. नंतर हे प्रमाण तीनवर आले.

यातील आणखी एक आकडा फार मार्मिक आहे. शिकवणीनंतर झटक्यांची नोंद कमी झाली नाही, उलट दुपटीहून अधिक वाढली! कोणी कोता अधिकारी असता तर हा आकडा पाहून योजना फसली असा शेरा मारून मोकळा झाला असता. वास्तविक झटके वाढले नव्हते, ते आईच्या बोटांना सापडू लागले होते. पूर्वी जे बाळ वाटेतच जाई किंवा ज्याचा सौम्य झटका कळतच नसे, ते आता रुग्णालयाच्या दारात पोहोचत होते. सरकारी अहवाल वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या आपणा सर्वांना हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. जेथे रोगाची नोंद एकाएकी वाढते तेथे नेहमी रोगच वाढलेला असतो असे नाही.

जंतुसंसर्गाचा उपाय त्या मानाने सरळ होता. सिकलसेलमध्ये प्लीहा लवकरच निकामी होते, आणि रक्तातील जंतूंना अडविण्याचे तिचे काम बंद पडते. म्हणून लहानपणी नियमित पेनिसिलीन द्यावयाचे. जमैकातील प्रयोगाचा निबंध १९८४ साली आला. १९८६ साली अमेरिकेतील २१५ मुलांवरील प्रयोगात असा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि तो प्रयोग ठरल्या मुदतीपूर्वीच थांबवून सर्व मुलांना औषध देण्यात आले. पेनिसिलीनसारखे जुने आणि स्वस्त औषध! पण ते देण्यासाठी बाळाला विकार आहे हे सहा महिन्यांच्या आत कळलेले असावे लागते. पुन्हा आपण नाळेच्या रक्तापाशीच येतो.

आता भारताकडे येऊ. आपल्या देशातील सिकलसेलची पहिली वृत्ते १९५२ सालची आहेत. निलगिरीच्या आदिवासींत हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना हा गुण आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरद्वयाने मध्य भारतातील सिकलसेलविषयी लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून हे स्पष्ट आहे की हा विकार केवळ आदिवासींचा नव्हे. विदर्भातील अनेक मराठीभाषक समाजांतही तो आहे. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो. आपल्या सुशिक्षित घरांत या विषयाचे नाव काढले की 'ते त्यांच्यात असते' असे उत्तर येते. रक्ताला असे 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' कळत नाही. त्याला एवढेच ठाऊक की आजोबा-पणजोबांच्या गावी हिवताप किती होता.

सार्जंट दांपत्याचे नाव आपल्या देशाशी जोडले गेले ते ओरिसामुळे. संबलपूरजवळील बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. सी. कर अनेक वर्षे या रुग्णांची सेवा करीत होते. त्यांच्या रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना करून १९८६ साली लॅन्सेटमध्ये एक निबंध आला. ओरिसातील रुग्णांत ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच टिकून राहते, म्हणून काही बाबतीत त्यांचा विकार सौम्य भासतो. जमैकात पायांच्या जुनाट जखमांनी रुग्ण हैराण. इकडे त्या क्वचित. जमैकातील मुलाची प्लीहा लवकर आटते. इकडे ती मोठी राहते. त्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासावरून असेही सुचविले गेले की आशियातील या जनुकाचा उगम आफ्रिकेहून स्वतंत्र असावा.

हा निबंध मोलाचा आहे यात संशय नाही. परंतु त्यातून 'भारतातील सिकलसेल सौम्य असतो' असे एक सुटसुटीत वाक्य तयार झाले, आणि सुटसुटीत वाक्याला पाय फुटतात. येथे मला १९६८ च्या त्या साठ रुग्णांची आठवण होते. बुर्ल्याच्या दवाखान्यात आलेले रुग्ण हे मुळात जगलेले रुग्ण होते. खेड्यात आठव्या महिन्यात तापाने गेलेले बाळ त्या तुलनेत कसे येणार? जमैकाची मुले जन्मापासून मोजलेली, आपली दवाखान्याच्या दारापासून मोजलेली. ही शंका पोकळ नव्हती हे पुढे नागपूरने दाखवून दिले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या बालकांचा मोठा समूह सतत नजरेखाली ठेवून २०१६ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष सौम्यपणाच्या समजुतीविरुद्ध जाणारा आहे. विदर्भातील मुलांना वेदना, रक्तक्षय आणि रुग्णालयाच्या फेऱ्या चुकलेल्या नाहीत. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात नवजात बाळांची तपासणी करून पाठपुरावा करता येतो, हेही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले आहे. बडोद्याच्या वाचकांना तो भाग परका नाही.

झाबुआच्या शाळेत मी काय पाहत होतो ते आता दोन शब्दांत सांगतो. थंडी पडली की काही ठराविक मुले गैरहजर राहत. विचारले तर सोबती सांगत, 'हाडे दुखतात.' डोळे पिवळे, अंगाने किडकिडीत, खेळात लवकर थकणारी. यांतील काही मुले तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागत, आणि शिक्षकांना तो आळशीपणा वाटे. आज स्नेही डॉक्टरांनी समजावले की या विकारात मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही. म्हणून मूल पुनःपुन्हा लघवीला जाते, आणि शरीरात पाणी कमी पडले की वेदनेचा झटका येतो. अशा मुलाला पाणी पिऊ न देणे, बाहेर जाऊ न देणे, किंवा पौषाच्या पहाटे कवायतीसाठी मैदानावर उभे करणे म्हणजे झटक्याला आमंत्रण देणे होय. हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात माझ्या वाचनात आलेले नाही.

आता परिस्थिती पालटत आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी भोपाळ येथे मध्यप्रदेशाच्या सिकलसेल मिशनचा आरंभ झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा आणि २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन करण्याचा तिचा संकल्प आहे. शाळांतून, आश्रमशाळांतून तपासणी पथके येतात, बोटाला टोचतात, मुलांना कार्ड मिळते. चांगली गोष्ट आहे. परंतु कार्ड मिळाल्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि येथेही सार्जंट यांच्या पुढील काळातील लेखनाचा आधार घ्यावासा वाटतो.

२००७ ते २०१३ या काळात जमैकातील मँचेस्टर या परगण्याच्या परिसरात पंधरा माध्यमिक शाळांतील सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची रक्ततपासणी झाली. मुले बहुतेक पंधरा ते एकोणीस वर्षांची. तपासणी विनामूल्य आणि ऐच्छिक. तपासणीपूर्वी विकाराची माहिती देण्यावर भर होता. पहिल्या वर्षी निम्म्याहून थोडीच अधिक मुले तयार झाली. शेवटच्या वर्षी दहांपैकी नऊ. ही वाढ सक्तीने झालेली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे पथक आले की मुख्याध्यापकावर 'शंभर टक्के' दाखविण्याचा दबाव असतो. शंभर टक्के बोटे टोचून होतात. पण 'वाहक' म्हणजे काय हे शंभरांतील पाचांनाही कळलेले नसते.

म्हणून तेवढे येथे सांगून टाकतो. ज्याला सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तो वाहक. वाहक रोगी नव्हे. त्याला औषध लागत नाही, त्याचे आयुष्य इतरांसारखेच असते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात पूर्ण विकाराचा संभव चारांत एक. पुष्कळांचा असा समज होतो की पहिले मूल विकाराचे झाले, आता पुढची तीन निर्धास्त. तसे नाही. दर वेळी नाणी नव्याने उडवावयाची असतात, मागील नाण्यांची त्यांना आठवण नसते. आणि वाहकाने वाहक नसलेल्याशी विवाह केला तर मुलांना सिकलसेलचा पूर्ण विकार होत नाही. मात्र जोडीदार थॅलसेमियाचा वाहक असेल तर धोका आहे, म्हणून दोन्ही तपासण्या एकदमच कराव्यात.

लग्नाआधी पत्रिकेऐवजी रक्त जुळवा, अशी घोषणा आता भिंतीभिंतींवर दिसते. घोषणा देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण मला तिची थोडी भीती वाटते. आपल्या समाजात पत्रिका जुळत नाही याचा भार कोणाच्या अंगावर पडतो हे सांगावयास नको. मंगळ मुलीच्याच पत्रिकेत दिसतो, तसे वाहकाचे कार्डही मुलीच्याच गळ्यात पडेल. ही भीती काल्पनिक नाही. कार्ड मिळाल्यावर मुलीचे ते लपवून ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. शाळेने तपासणीचा निकाल फळ्यावर लावू नये, वर्गात वाचून दाखवू नये, शिपायाच्या हाती उघडा पाठवू नये. तो विद्यार्थ्याचा आणि त्याच्या पालकांचा आहे. ज्या मुलाला पूर्ण विकार आहे त्याच्या वर्गशिक्षकाला मात्र पालकांच्या संमतीने ते कळलेच पाहिजे, त्या पाण्यासाठी आणि त्या कवायतीसाठी.

सार्जंट दांपत्याने २००९ साली सहकाऱ्यांसह आणखी एक निबंध लिहिला. १९६८ सालच्या निबंधात तिसाच्या वरचे साठ रुग्ण होते. या निबंधात साठीच्या वरचे १०२ आहेत. या विकाराचे बदलते रूप, असा त्याचा विषय. या १०२ जणांचा जन्म पेनिसिलीनच्या नियमित उपचारापूर्वीचा. म्हणजे ते बहुतांशी आपल्या प्रकृतीच्या बळावर तरले. ज्यांना जन्मापासून आधार मिळाला ती १९७३ नंतरची मुले आता कोठे पन्नाशीला टेकू लागली आहेत. दरम्यान हायड्रॉक्सियुरियासारखे, वेदनेचे झटके कमी करणारे औषधही आले आहे, आणि नागपूरच्या बालरुग्णांवरही त्याचा चांगला अनुभव आलेला आहे.

झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन, किंवा गुजरातेतील आदिवासी पट्टा, विदर्भ, तेलंगणाचा उत्तर भाग, यांपैकी कोठेही ज्यांची मुळे किंवा नोकऱ्या आहेत अशा वाचकांनी, आणि ज्यांच्या घरी त्या भागातील माणसे कामाला आहेत अशांनी एवढे जाणून असावे. राष्ट्रीय मोहिमेखाली ही तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. प्रथम विद्राव्यतेची साधी चाचणी करतात. पण तिच्यावरून वाहक कोण आणि रोगी कोण हे ठरत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळात ती फसते. त्यासाठी हिमोग्लोबिनचे पृथक्करण करणारी दुसरी चाचणी मागून घ्यावी. दोघेही पालक वाहक असल्याचे ठाऊक असेल तर ही दुसरी चाचणी बाळ जन्मल्याबरोबर करावी, आणि विकार निघाला तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच पेनिसिलीनविषयी डॉक्टरांना विचारावे. डाव्या बरगडीखाली बोटे कशी ठेवावयाची हेही त्याच भेटीत विचारून, त्यांच्यासमोर एकदा करून दाखवून, मगच घरी यावे.